सोसायटीचा कारभार: आधी ठराव की आधी विचारणा?

नवी कमिटी निवडून आली की पहिल्या दोन-तीन बैठकांतच तिची रीत पडून जाते, आणि बहुतेकदा कोणी मुद्दाम न ठरवताच. एक रीत अशी की कमिटीने आपसांत निर्णय घ्यायचा आणि नोटीस बोर्डावर लावायचा. दुसरी अशी की आधी लोकांकडे जायचं, त्यांचं ऐकून घ्यायचं आणि मग ठराव करायचा. पुण्यातल्या आमच्या सोसायटीत पहिली रीत मी सभासद म्हणून अनुभवली आणि सेक्रेटरी झाल्यावर दुसरी निवडली. उपविधी, कोरम, नोटिशीची मुदत हे सगळं तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो.

पहिल्या रीतीला सरसकट नावं ठेवू नयेत. सहकार कायद्याच्या कलम 73 प्रमाणे कारभार पाहायचं काम कमिटीचंच आहे. लिफ्टमध्ये कोणी अडकलं, मीटर रूममध्ये ठिणग्या उडाल्या, भर उन्हाळ्यात पंप जळाला, तर तिथे मतं घेत बसायचं नसतं. काम करून घ्यावं आणि हिशोब सभेपुढे ठेवावा. कमिटीत एखादे निवृत्त इंजिनीअर किंवा बँकेतले काका असतील तर निर्णयही चोख होतात. शिवाय नोकरी सांभाळून, पदरचा वेळ देऊन ही मंडळी काम करतात. त्यांच्या संध्याकाळींनाही किंमत आहे. वेग हवा असेल तर ही रीत सरस वाटते.

माझ्या मते अडचण नोटीस लागल्यानंतर सुरू होते. एका उन्हाळ्यात तेव्हाच्या कमिटीने सकाळी दहा ते दुपारी चार पाणी बंद ठेवायचं ठरवलं. टँकरचा खर्च वाढत चालला होता, त्यामुळे हेतूत काहीच वावगं नव्हतं. एका बैठकीत निर्णय झाला, दुसऱ्या दिवशी नोटीस लागली. पण बहुतेक घरी धुण्याभांड्याच्या मावशी अकरा ते दोनच्या दरम्यान येतात आणि त्या वेळात कमिटीतलं कोणी घरी नसतं. मग लोक सकाळी बादल्या, पिंपं, पातेली भरून ठेवायला लागले आणि उरलेलं पाणी संध्याकाळी शिळं म्हणून मोरीत ओतायला लागले. कोणी वॉचमनला गाठून व्हॉल्व्ह उघडून घ्यायचं, ते पाहून शेजारची विंग भांडायला यायची. ऐकून घ्यावं लागायचं त्या वॉचमनलाच. आणि प्रत्येक भांडण एकाच वाक्यावर येऊन थांबायचं: “आम्हाला कोणी विचारलं होतं?”

माझं मत या एका वाक्याने ठरवलं. वेळापत्रक पुढे बदललं, तरी ते वाक्य गेलं नाही. पार्किंगचे पट्टे आखताना ते आलं, बाहेरचा रंग ठरवताना आलं, वार्षिक सभेत तर विषयपत्रिकेतला पहिला विषय संपायच्या आत आलं. निर्णय बरा की वाईट हा मुद्दाच मागे पडतो. लोक ठरावाशी भांडत नाहीत, आपल्याला वगळल्याशी भांडतात. एका संध्याकाळी झालेला निर्णय पुढे अख्खा उन्हाळाभर दारोदार जाऊन पुन्हा पुन्हा पटवावा लागत असेल, तर तो झटपट झाला असं म्हणणं मला जड जातं.

दुसऱ्या रीतीने आम्ही पुन्हा पाण्याचाच विषय घेतला. क्लबहाउसमधली मोठी सभा टाळली आणि रविवारी सकाळी त्या-त्या विंगच्या पार्किंगमध्येच खुर्च्या टाकून बसलो. सभेत चार ठरावीक आवाज असतात, तर घरातलं पाणी ज्यांच्या हातून वापरलं जातं त्या वहिनी आणि आजी मागच्या रांगेत गप्प असतात. इथे त्याच पहिल्यांदा बोलल्या. भाडेकरूंनाही बसवलं. त्यांना मत नाही, पण नळ त्यांच्याकडेही आहे. दुपारी एखादा तास पाणी द्या, त्याऐवजी रात्री लवकर बंद करा, ही सूचना तिथेच आली आणि तीच पुढे टिकली.

सगळ्यात मोलाची माहिती मात्र सभासदांकडून आलीच नाही. जिना झाडणाऱ्या मावशींना सहज विचारलं, तर त्या म्हणाल्या, “दादा, मागच्या विंगच्या गच्चीवरून पहाटे पाणी वाहतं, मी येते तेव्हा खाली थारोळं असतं.” वर जाऊन पाहिलं. टाकी भरली की पाणी आपोआप थांबवणारा फ्लोट व्हॉल्व्ह अडकत होता आणि पंप बंद होईपर्यंत पाणी ओव्हरफ्लोच्या पाइपातून थेट गटारात जात होतं. व्हॉल्व्ह बदलला. आकडे मांडून दाखवता येणार नाहीत, पण टँकरला फोन करायची पाळी पूर्वीपेक्षा बरीच कमी आली. मावशींना हे बरेच दिवसांपासून माहीत होतं. त्यांना कोणी विचारलं नव्हतं इतकंच.

विचारणेचेही त्रास आहेत. वेळ जातो. काहींना सूचना मानली नाही की राग येतो, म्हणून नोटिशीत कोणती सूचना घेतली, कोणती घेतली नाही आणि का, हे चार ओळींत लिहावं. व्हॉट्सॲपवरच्या मतदानावर भिस्त ठेवू नये, तिथे पहिल्या तीन उत्तरांनी बाकीच्यांचं तोंड बंद होतं. आणि निर्णय आधीच झाला असेल तर विचारायला जाऊच नका. लोकांना ते लगेच कळतं आणि पुढच्या वेळी कोणी खुर्चीवर येऊन बसत नाही.

याच्याही पुढे जाणारा मार्ग गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने चालवून दाखवला आहे. तिथल्या ग्रामसभेत बहुमताने नाही, सर्वसहमतीने निर्णय होतात. एकमत नसेल तर विषय थांबतो. अभ्यासगट वेगळा बसतो, तिथे नुसता विचार होतो, ठराव होत नाही. ठराव ग्रामसभेनेच करायचा. या गावाने 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क, म्हणजे गावाने मिळून जंगल वापरायचा आणि सांभाळायचा हक्क, मिळवला आणि पुढे आपला बांबू आपण विकायचा हक्कही. शहरातल्या सोसायटीत सगळ्यांचं एकमत होईपर्यंत थांबणं बहुधा झेपणार नाही. पण अभ्यास वेगळा आणि ठराव वेगळा, एवढं उचलता येतं. आम्ही सोलरच्या विषयात तसं केलं आणि सभेत त्या विषयावर आवाज चढला नाही.

तुमच्याकडे पुनर्विकासाची चर्चा चालू असेल तर माझा कौल आणखी स्पष्ट आहे. सहकार कायद्याच्या कलम 79अ खाली सरकारने दिलेल्या 4 जुलै 2019 च्या निर्देशांप्रमाणे एकूण सभासदांपैकी किमान 51 टक्क्यांची संमती लागते. पण घर रिकामं सगळ्यांनाच करायचं असतं. उरलेल्या 49 टक्क्यांत म्हातारे आईवडील असलेली घरं असतात, दहावीची मुलं असतात, जवळच दुकान असलेले असतात. बिल्डर निवडण्याआधी त्यांच्याकडे चहाला जाऊन बसावं.

दहा-बारा फ्लॅटची इमारत असेल तर एवढं सगळं करायची गरज नाही, जिन्यातच बोलणं होतं. तातडीच्या कामात पहिली रीतच बरी. पण पाणी, पार्किंग, मोठी दुरुस्ती आणि पुनर्विकास यांत मी तरी पुन्हा दुसरीच निवडेन. वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यायची असते आणि त्याआधी गणपती येतात, तेव्हा लोक बसत नाहीत. विंगवार बैठका जुलैतच उरकून घ्या, आणि सुरुवात वॉचमन आणि मावशींपासून करा.