क्रिस्टल स्क्रीन: ५० नळ्या आणि अर्धा मिलिग्रॅम प्रोटीन

क्रिस्टल स्क्रीन हा प्रोटीनचे स्फटिक कोणत्या द्रावणात मिळतात ते शोधण्याचा हॅम्प्टन रिसर्च कंपनीचा संच. त्यात प्रत्येकी १० मिलिलिटर द्रावणाच्या ५० नळ्या येतात. जॅनकारिक आणि किम यांनी १९९१ मध्ये मांडलेल्या स्पार्स मॅट्रिक्सवर, म्हणजे विखुरलेल्या निवडक द्रावणांच्या यादीवर, तो बेतला आहे. ज्या द्रावणांत आधी कुठल्या ना कुठल्या प्रोटीनचे स्फटिक मिळाले होते, त्यांतून केलेली ही निवड. नव्या डोमेनसाठी (प्रोटीनच्या स्वतंत्रपणे घडी घालणाऱ्या भागासाठी) पहिली चाळणी म्हणून मी आजही हाच संच सुचवेन.

खर्च बेताचा पडतो. प्लेटच्या वेलमध्ये (खळग्यात) ५०० मायक्रोलिटर द्रावण आणि त्यावर उलट्या झाकायच्या कव्हरस्लिपवर (पातळ काचेवर) १ मायक्रोलिटर प्रोटीन अधिक १ मायक्रोलिटर द्रावण, एवढं घेतलं की एक नळी वीस वेळा पुरते. मिलिलिटरला १० मिलिग्रॅम प्रोटीन असेल तर अख्ख्या फेरीत अर्धा मिलिग्रॅम जातं. २४ वेलच्या दोन प्लेटांत ४८ च द्रावणं बसतात आणि उरलेल्या दोनांसाठी तिसरी प्लेट काढावी लागते, हे मात्र खटकतं.

प्रोटीन फॉस्फेट बफरमध्ये ठेवून हा संच लावू नका. पहिल्याच नळीत कॅल्शियम क्लोराइड आहे, पुढे आणखी कॅल्शियम आणि झिंकही येतं. फॉस्फेटशी त्यांचं न विरघळणारं मीठ बनतं; दुसऱ्या दिवशी थेंबात लखलखीत स्फटिक दिसतात आणि ते निघतात या मिठाचे! सुईने हलकेच दाबून पाहा: प्रोटीनचा स्फटिक भुगा होतो, मिठाचा कडक लागतो. आधीच प्रोटीनची २० मिलिमोलर हेपेस (फॉस्फेट नसलेला बफर) आणि १०० ते १५० मिलिमोलर सोडियम क्लोराइडमध्ये बदली करून घ्यावी.

पीएच ६.५ च्या बहुतेक नळ्यांत सोडियम कॅकोडिलेट आहे, म्हणजे आर्सेनिक. हातमोजे हवेतच. शिवाय द्रावणात डीटीटी (क्षपणकारक रसायन) असलेल्या प्रोटीनमध्ये ते सिस्टीन या अमिनो आम्लाला चिकटू शकतं, मग इलेक्ट्रॉन घनतेच्या नकाशात अनोळखी घनता दिसते. आयसोप्रोपेनॉलच्या वेलची कव्हरस्लिप उचलताच थेंबात भोवरे उठतात आणि स्फटिक सूक्ष्मदर्शकाखालून सरकत राहतो. तिथे स्फटिक उचलायचा लूप (बारीक फास) आधीच हातात असावा.

संचाचा खरा फायदा स्फटिक न मिळताही होतो. बहुतेक थेंब स्वच्छ राहिले तर प्रोटीन दुप्पट घट्ट करा, निम्म्याहून अधिक थेंबांत लगेच तपकिरी गाळ बसला तर निम्मं पातळ करा. तरीही काहीच जमलं नाही तर दुसरा संच मागवण्याची घाई नको. बहुधा डोमेनच्या टोकांना लोंबती शेपटी राहिलेली असते. ट्रिप्सिन (प्रोटीन कापणारं एन्झाइम) वजनाने १:१००० टाकून ठरावीक वेळांनी नमुने जेलवर चालवा, टिकून राहिलेल्या तुकड्याचं वस्तुमान मोजा, त्या हद्दीतल्या डीएनएचा नवा क्लोन करा आणि त्यातून मिळालेलं प्रोटीन याच ५० नळ्यांत लावा.