मूडलचं रुब्रिक: इंटर्नलला झकास, अटेनमेंटला अर्धवट

इंटर्नलचे २० पैकी १० की ६.६७, हे मूडलमध्ये (कॉलेजांत असाइनमेंट घ्यायला-तपासायला वापरतात ते ऑनलाइन सॉफ्टवेअर) कधीकधी एका टिकवर ठरतं. त्यामुळे नागपुरातल्या ज्या विभागांनी एनबीए-नॅकच्या (कॉलेजांना मान्यता-श्रेणी देणाऱ्या संस्था) तयारीसाठी रुब्रिक, म्हणजे निकष आणि त्यांच्या पातळ्यांनुसार गुण देण्याचा तक्ता, सुरू केलंय, त्यांनी आधी ती टिक बघावी.

समजा चार निकष आहेत, प्रत्येकाला १ ते ४ पातळ्या, एकूण १६. विद्यार्थ्याला चारही ठिकाणी २ मिळाले, म्हणजे ८. आपण धरून चालतो की निम्मे, २० पैकी १०. पण रुब्रिकच्या पर्यायांत किमान गुणांची टिक काढलेली असेल, तर मूडल सगळ्यात खालच्या पातळीला शून्य मानतं. मग ८ मधून ४ गेले, १६ मधूनही ४ गेले, उरले १२ पैकी ४. झाले ६.६७! पासिंग ४० टक्क्यांवर असेल तर पोरगं नापास. ‘ए’ सेक्शनला टिक आणि ‘बी’ला नाही, असं झालं तर तक्रारींना उत्तर देता देता नाकी नऊ येतात. खालची पातळीच ० ठेवा, भानगडच मिटते.

बाकी मांडणी सोपी आहे. असाइनमेंटच्या सेटिंगमध्ये ग्रेडिंग मेथड ‘रुब्रिक’ करायची आणि अ‍ॅडव्हान्स्ड ग्रेडिंगमध्ये जाऊन फॉर्म भरायचा. फॉर्म ड्राफ्टमध्येच राहिला तर तपासताना दिसत नाही, ‘रेडी’ करून सेव्ह करावा लागतो. विद्यार्थ्यांना रुब्रिक आधी दाखवायची सोय चालू ठेवाच. तपासून झाल्यावर दाखवलेलं रुब्रिक म्हणजे वरात गेल्यावर पोचलेली पत्रिका.

खरा वेळ जातो वर्णनं लिहिण्यात, आणि तिथे सॉफ्टवेअर काही मदत करत नाही. ‘उत्कृष्ट, चांगले, साधारण’ एवढंच भरलं तर ती जुनीच गुणपत्रिका, फक्त चौकटीत बसवलेली. नाग नदीच्या पाण्यावरचा फील्ड प्रोजेक्ट घ्या. ‘नोंदींची अचूकता’ या निकषाला ३ तेव्हाच, जेव्हा नमुना कुठून आणि किती वाजता घेतला ते आहे, डीओ-बीओडी (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन आणि जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) एककांसह आहेत आणि बीओडी २७ अंशांवर ३ दिवसांचा की २० अंशांवर ५ दिवसांचा, हेही लिहिलंय. एककं आहेत पण पद्धत लिहिलेली नाही, तर २. नुसते आकडे, १. नमुना न घेताच दुसऱ्या गटाचे आकडे उतरवले, तर ०. अशी वर्णनं असली की दोन परीक्षकांचे गुण जवळ येतात. तरी आधी तेच तीन अहवाल दोघांनी वेगवेगळे तपासावेत. एखाद्या निकषावर दोन पातळ्यांचा फरक पडला तर परीक्षकाला दोष देण्याआधी वर्णन पुन्हा वाचावं. बहुतेकदा ‘मांडणी व विश्लेषण’ असा जोडनिकष निघतो: मांडणी सुरेख, विश्लेषण शून्य, आणि परीक्षक मध्येच कुठेतरी टिक करून मोकळा.

तपासणी सुरू झाल्यावर रुब्रिक बदललं तर मूडल विचारतं, आधीचे गुण पुन्हा बघायचे का. ‘हो’ म्हटलं म्हणून गुण आपोआप बदलत नाहीत. प्रत्येक विद्यार्थी उघडून पुन्हा सेव्ह करावा लागतो.

ग्रुप सबमिशनमध्ये ‘सगळ्या गटाला तेच गुण’ चालू राहिलं तर टीमवर्कचा पीओ (प्रोग्राम आउटकम, पूर्ण अभ्यासक्रमातून अपेक्षित क्षमता) मोजलाच जात नाही. चौघांतला एक फक्त झेरॉक्स काढायला गेला असेल, तरी त्यालाही पूर्ण गुण.

घोडं पेंड खातं ते अटेनमेंटला, म्हणजे ठरवलेली उद्दिष्टं किती जणांनी गाठली ते मोजताना. ग्रेडबुकमध्ये जाते फक्त बेरीज. सीओ-२ (कोर्स आउटकम, म्हणजे त्या विषयाचं दुसरं उद्दिष्ट) मध्ये ६० टक्क्यांच्या वर किती जण, हे काढायला निकषवार गुण लागतात आणि मुळातल्या मूडलमध्ये ते एकत्र उतरवून घेता येत नाहीत. ६० विद्यार्थी, ५ निकष, म्हणजे ३०० आकडे एक्सेलमध्ये हातानं. त्यासाठी रिपोर्टची प्लगइन्स मिळतात, पण ती टाकण्याचा हक्क सर्व्हर सांभाळणाऱ्याकडे. म्हणून सत्राच्या पहिल्याच आठवड्यात त्यांना गाठा आणि निकषाच्या नावापुढेच ‘सीओ-२’ लिहून ठेवा.