काचेच्या फटीसाठी पातळ सिलिकॉन: काम चोख, पण जागा बघून

गाडीच्या मागच्या फिक्स काचेच्या कोपऱ्यातून पाणी झिरपून सीटखालचं कार्पेट कुबट झालं होतं. नेहमीचं घट्ट सिलिकॉन फटीत शिरतच नाही, वरवर लिंपलं जातं. हे पातळ सीलंट मात्र रबराची कड प्लास्टिकच्या पट्टीने किंचित उचलून सोडलं की आपसूक आत ओढलं जातं. बारीक बुडबुडे येतात, ते थांबेपर्यंत थोडं थोडं सोडत राहायचं. व्हिनेगरसारखा वास सुटतो, म्हणून दारं उघडी ठेवा. फट आधी पूर्ण कोरडी हवी आणि नंतर २४ तास गाडी धुऊ नका.

गळती शोधायला पाइपचं पाणी खालून वर नेत जायचं, आत कुणालातरी टॉर्च देऊन बसवायचं. एकदम वरून ओतलं तर काहीच कळत नाही.

दाराच्या वर-खाली होणाऱ्या काचेला हे लावूच नका! तिथलं पाणी दारात उतरून तळच्या भोकांतून जाणं अपेक्षितच असतं. ती भोकं तारेने मोकळी करा. ट्यूबचं नोझल मात्र भिकार, तोंड लगेच चिकटून बसतं. आणि पुढेमागे काच नव्याने बसवायची असेल तर सिलिकॉनचा अंश राहिलेल्या जागी युरेथेन (काच चिकटवायचा गोंद) नीट धरत नाही, तेव्हा हात आखडताच ठेवा.