निरीक्षक कोण: मन की परिसर?

जळगावात एमएस्सीच्या पोरांशी क्वांटमवर बोलायला बसलं की गाडी इथेच अडते: मोजेपर्यंत कण एकदम अनेक शक्यतांत असतो, मग ते मोजमाप पुरं कोण करतं? भौतिकशास्त्रज्ञ युजीन विग्नर यांनी 1961 मध्ये तो मान निरीक्षकाच्या जाणिवेला दिला. डिकोहेरन्सवाले, म्हणजे परिसराशी संबंध येताच कणाचं क्वांटम वागणं विरतं असं मानणारे, म्हणतात, जाणीव लागतच नाही. हवेचा एखादा रेणू आदळला तरी पुरे.

मला दुसरं पटतं, कारण ते प्रयोगात दिसतं. व्हिएन्नात 2004 मध्ये सत्तर कार्बन अणूंचे रेणू लेसरने तापवले. तापलेले रेणू स्वतःच प्रकाश फेकू लागले, त्यातून त्यांची वाट उघडी पडली आणि व्यतिकरणाचे पट्टे (रेणू लाटेसारखे वागतात याची खूण) पुसट होत गेले. तो प्रकाश टिपायला तिथे कुणीच नव्हतं! (विग्नर यांनीही पुढे आपलं मत बदललं, हे पोरांना मी आवर्जून सांगतो.) मात्र अनेक शक्यतांतून नेमकी एकच का हाती लागते, याचं उत्तर डिकोहेरन्सही देत नाही.