मायट्रल झडप अरुंद आणि सिझर ठरलेलं: कमरेतून भूल की पूर्ण भूल?

आपल्याकडे गरोदरपणात हृदयाचा आजार निघाला, तर बऱ्याचदा तो लहानपणीच्या रूमॅटिक तापाने आकसलेल्या मायट्रल झडपेचा, म्हणजे हृदयाच्या डाव्या दोन कप्प्यांमधल्या झडपेचा असतो. निरोगी झडपेचं तोंड ४ ते ६ चौरस सेंटिमीटर. दीड किंवा त्याखाली आलं की आजार तीव्र. त्यातून रक्त पुढे जायला वेळ लागतो. ठोके वाढले की तो वेळच उरत नाही, रक्त मागे तुंबतं आणि फुप्फुसात पाणी होतं. भुलीचे सगळे पर्याय याच कसोटीवर पाहायचे.

नेहमीचं स्पायनल म्हणजे कमरेत, मणक्यातल्या पाण्यात एकदम दिलेलं बधिर करणारं औषध: ०.५ टक्के हेवी ब्युपिवाकेन, साधारण २ मिली. काही मिनिटांत कंबर बधिर, पण रक्तदाबही तेवढ्याच वेगाने कोसळतो आणि ठोके धावू लागतात. सौम्य आजारात चालेल, तीव्र आजारात नको.

एपिड्युरलमध्ये त्या पाण्याच्या आवरणाबाहेर ठेवलेल्या बारीक नळीतून ३ ते ५ मिली औषध थांबत थांबत देतात. अर्धा तास जातो, कधी एक बाजू नीट बधिर होत नाही. मात्र रक्तदाब सावरायला सवड मिळते. दोन्हींचा मेळही घालता येतो: स्पायनलमध्ये फक्त ५ मिलिग्रॅम ब्युपिवाकेन आणि २५ मायक्रोग्रॅम फेंटानिल (तीव्र वेदनाशामक), उरलेलं नळीतून. घाई नसेल तर आमचं मत यालाच. दाब उतरलाच तर तो चढवणारं फिनाइलएफ्रिन, ५० ते १०० मायक्रोग्रॅम; त्याच कामाचं इफेड्रिन नको, ते ठोके वाढवतं. आणि 'आधी एक लिटर सलाइन' ही सवय इथे घातक.

आडवं झोपवत नाही इतका दम, बाळाची तातडी किंवा रक्त पातळ ठेवणारं औषध असेल तर पूर्ण भूल. एनॉक्सापॅरिन या रक्त पातळ ठेवणाऱ्या इंजेक्शनच्या पूर्ण डोसनंतर २४ तास, कमी डोसनंतर १२ तास कमरेत सुई घालत नाहीत. घशात नळी घालताना ठोके उसळतात, म्हणून आधी फेंटानिल आणि ठोके कमी करणारं एस्मोलॉल देतात; केटामिन हे भुलीचं औषध मात्र टाळतात. फेंटानिलने बाळ सुस्त येऊ शकतं, बालरोगतज्ज्ञ शेजारी हवेत.

भूल कोणतीही असो, बाळ निघाल्यावर गर्भाशय आवळतं आणि सुमारे अर्धा लिटर रक्त हृदयाकडे परततं. गर्भाशय आवळणारं ऑक्सिटोसिन हळूहळू ड्रिपमधून. त्याच कामाचं मेथर्जिन नको, त्याने फुप्फुसातला दाब चढतो. पुढचे निदान २४ तास अतिदक्षता विभागात. भूलतज्ज्ञांना भेटताना ताजा एको (हृदयाची सोनोग्राफी) आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधाच्या शेवटच्या डोसची वेळ लिहून न्या.