पुण्यातील एक तात्पुरती मनुष्यबळ एजन्सी: पैसे वेळेवर, कागद अपुरे

प्रदर्शने, परिषदा आणि मोठे लग्नसमारंभ यांसाठी नोंदणी कक्षावर बसणारी, पाहुण्यांना वाट दाखवणारी आणि स्टॉलवर माहिती देणारी माणसे पुरवणाऱ्या पुण्यातील एका एजन्सीकडे मी नोव्हेंबर 2025 ते फेब्रुवारी 2026 या हंगामात काम केले. एक नोकरी सुटलेली आणि दुसरी मिळायची असताना असे काम मोठा आधार ठरते, हे मी मनापासून नमूद करू इच्छितो. करकपातीच्या प्रमाणपत्रावरून माझा या एजन्सीशी पत्रव्यवहार अजून सुरू असल्यामुळे तिचे नाव येथे देत नाही.

आधी जे चांगले आहे ते सांगतो. ठरलेला मोबदला कार्यक्रमाच्या शेवटच्या संध्याकाळी हातात पडतो आणि त्यासाठी कोणाच्या मागे लागावे लागत नाही. गणवेशासाठी घेतलेली अनामत रक्कम गणवेश परत करताच मिळते. रात्री दहानंतर सुटणाऱ्या मुलींना घरापर्यंत सोडण्यासाठी गाडी असते, आणि शेवटची मुलगी घरी पोचल्याचा निरोप येईपर्यंत पर्यवेक्षक जागेवरून हलत नाहीत. ही शिस्त खरोखर कौतुकास्पद आहे.

अडचण सुरू होते ती व्हाउचरपासून. पाच हजारांहून अधिक रकमेच्या पावतीवर एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्प लावून त्यावर सही घेतली जाते, आणि ते रीतसरच आहे. परंतु दोन प्रदर्शनांचे मिळून 18,000 रुपये मला एकाच दिवशी रोख दिले जात असताना समोर आलेली व्हाउचरे दोन होती. प्रत्येकी 9,000 रुपयांची, आणि तारखा वेगवेगळ्या. आर्थिक वर्ष 2025-26 ला लागू असलेल्या आयकर कायद्याच्या कलम 40ए(3) नुसार एका व्यक्तीला एका दिवसात 10,000 रुपयांपेक्षा जास्त रोख दिल्यास व्यावसायिकाला तो खर्च करपात्र उत्पन्नातून वजा मिळत नाही, म्हणून ही विभागणी केली जाते. पैसे घेणाऱ्यावर या कलमाचा बोजा नाही, हे खरे. पण चुकीच्या तारखेखाली सही मात्र आपली असते, आणि पुढे कधी चौकशी झाली तर उत्तरही आपल्यालाच द्यावे लागते. मी सही करण्यास नकार दिला आणि निम्मी रक्कम यूपीआयने मागितली. कॅशियरनी कोणतीही कटकट न करता ती दिली. तेव्हा मागितले तर मिळते, पण बहुतेक मुले मागत नाहीत.

करकपातीचा मुद्दा याहून गंभीर आहे. एजन्सी प्रत्येक देयकातून एक टक्का टीडीएस (पैसे देतानाच कापून घेतला जाणारा कर) कापते. आर्थिक वर्ष 2025-26 साठी कंत्राटी मोबदल्याविषयीच्या कलम 194सी खाली ही कपात तेव्हाच बंधनकारक आहे, जेव्हा एकच देयक 30,000 रुपयांच्या वर जाते किंवा वर्षभरातील एकूण रक्कम एक लाखाच्या वर जाते. माझ्या बाबतीत यांतील एकही मर्यादा ओलांडली गेली नव्हती. तरीही कापलेली रक्कम माझ्या पॅनवर जमा झाली असती तर विवरणपत्र भरून परतावा मिळाला असता, त्यामुळे मी तक्रार केली नसती. पण डिसेंबरपर्यंतची कपात फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत फॉर्म 26एएसमध्ये, म्हणजे पॅनवर जमा झालेला कर दाखवणाऱ्या पत्रकात, दिसायला हवी होती. ती दिसली नाही, आणि फॉर्म 16ए, म्हणजे करकपातीचे प्रमाणपत्र, अजूनही मिळालेला नाही.

‘रोख आहे, दाखवायची गरज नाही’ असे पर्यवेक्षक नव्या मुलांना सांगतात, आणि हा सल्ला घातक आहे. रोखीचे उत्पन्न आणि बँकेत आलेले उत्पन्न यांत करकायदा फरक करत नाही. आर्थिक वर्ष 2025-26 साठी नव्या करप्रणालीत रहिवासी व्यक्तीचे, भांडवली नफ्यासारखे विशेष दराचे उत्पन्न नसलेले, एकूण करपात्र उत्पन्न 12 लाखांपर्यंत असेल तर कलम 87ए च्या सवलतीमुळे कर शून्य होतो, पण उत्पन्न चार लाखांच्या वर गेले की विवरणपत्र भरावेच लागते. म्हणजे बहुतेकांना एक पैसाही भरावा लागणार नाही, अशा ठिकाणी त्यांना लपवाछपवीची सवय लावली जाते. त्या मुलांपैकी कोणाला उद्या गृहकर्ज हवे असेल, तेव्हा बँक हीच विवरणपत्रे मागणार आहे.

आता मूळ प्रश्न. कामाची वेळ एजन्सी ठरवते, गणवेश तिचा, हजेरीपट तिचा, जेवणाची सुट्टी किती तेही तीच सांगते. कागदावर मात्र आम्ही ‘स्वतंत्र सेवा पुरवठादार’. या दोन शब्दांवर बरेच काही अवलंबून आहे. उत्पन्न पगार म्हणून धरले गेले तर नव्या करप्रणालीत 75,000 रुपयांची प्रमाणित वजावट मिळते. कंत्राटी मोबदला धरला तर ते व्यवसायाचे उत्पन्न ठरते, आयटीआर-1 हे साधे विवरणपत्र चालत नाही, आणि कलम 44एडीची अनुमानित पद्धत (उलाढालीच्या ठराविक टक्क्याइतका नफा धरण्याची) घेणाऱ्याला आयटीआर-4 भरावा लागतो. त्याहून मोठे नुकसान सुरक्षेचे आहे. कामगार मानले गेलो असतो तर महिना 21,000 रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांना ईएसआयचे (कर्मचारी राज्य विमा योजनेचे) छत्र मिळू शकले असते. एका प्रदर्शनात लोखंडी चौकट उचलताना एका सहकाऱ्याचा हात चिरला. टाक्यांचा खर्च एजन्सीने स्वतःहून केला. ते त्यांच्या चांगुलपणाचे लक्षण आहे, पण तो त्या मुलाचा हक्क असायला हवा होता. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या असून, दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेने प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणे त्यांत अपेक्षित आहे. मला ते मिळाले नाही. मिळाला तो व्हॉट्सॲपवरचा एक संदेश, ज्यात ठिकाण, वेळ आणि बुटांचा रंग होता.

नव्या नोकरीसाठी पूर्वतपासणी झाली तेव्हा मधल्या महिन्यांबद्दल विचारणा झाली. पीएफच्या नोंदीत अर्थातच काही नव्हते. मी काय काम केले ते सरळ लिहिले, हजेरीपटाचे फोटो आणि यूपीआयची नोंद जोडली, आणि ते मान्य झाले. एजन्सीने अनुभवाचे पत्र लेटरहेडवर दिले, त्याचाही उपयोग झाला.

तेव्हा विद्यार्थ्यांनी किंवा दोन नोकऱ्यांच्या मधल्या काळात असलेल्यांनी येथे काम करण्यास हरकत नाही. पहिल्या दिवसाआधी दर, तास आणि कपात लेखी मागावी, भरलेल्या व्हाउचरचा फोटो सहीनंतर लगेच काढावा आणि टीडीएस कापला जात असेल तर एजन्सीचा टॅन (कर कापणाऱ्याचा नोंदणी क्रमांक) विचारून ठेवावा. आधीच पूर्णवेळ नोकरी असणाऱ्यांनी मात्र आपल्या नेमणूकपत्रातील बाहेरच्या कामाविषयीची अट वाचल्याशिवाय होकार देऊ नये. पैसे वेळेवर देण्याबद्दल पूर्ण गुण, कागदपत्रांबद्दल निम्म्याहून कमी. माझ्या पॅनवर कपात जमा झाल्याचे दिसले तर हा अभिप्राय मी तसा दुरुस्त करेन.