अनिवासी झाल्यानंतर आयकर खात्याचे ई-फायलिंग पोर्टल: एक अभिप्राय

नोकरीसाठी भारताबाहेर गेल्यामुळे आयकर खात्याशी असलेला संबंध सुटत नाही. मागे भाड्याने दिलेला फ्लॅट, मुदत ठेवी किंवा जुने म्युच्युअल फंड राहिले असतील, तर तो उलट अधिक किचकट होतो. हा सगळा व्यवहार आता बहुतांशी ७ जून २०२१ रोजी सुरू झालेल्या ई-फायलिंग पोर्टलवरूनच चालतो. सुरुवातीच्या महिन्यांत त्या पोर्टलने देशभरातील करदात्यांना आणि सीएंना जो मनस्ताप दिला, तो आता मागे पडला आहे. गेली काही वर्षे मी युरोपातून, अनिवासी म्हणून, याच पोर्टलवर विवरणपत्र भरत आहे. विवरणपत्र भरण्याची सोय म्हणून पोर्टल चांगले आहे, मात्र आपण अनिवासी झालो आहोत हे सरकारदरबारी एकदाच सांगून मोकळे होण्याची सोय तेथे नाही, असे माझे मत झाले आहे.

लॉगिनबाबत विशेष तक्रार नाही. प्रोफाइलमध्ये परदेशी मोबाइल क्रमांक देता येतो आणि ओटीपी ईमेलवरही येतो. अनिवासी व्यक्तीला आयटीआर-१ हा विवरणपत्राचा साधा नमुना चालत नाही. धंदा-व्यवसायाचे उत्पन्न नसेल, तर आयटीआर-२ भरावा लागतो. तो लांबलचक असला, तरी ऑनलाइन भरताना त्यातले अनावश्यक भाग बाजूला ठेवता येतात. अनिवासी हा पर्याय निवडला की राहत्या देशाचे नाव, तेथील कर ओळख क्रमांक आणि भारतातील वास्तव्याचे दिवस विचारले जातात, निवासी करदात्यांना मिळणारी कलम ८७ए ची सवलत हिशेबातून निघून जाते, आणि परदेशी मालमत्तेचे परिशिष्ट भरण्याची गरज उरत नाही. पत्ता लिहिताना राज्यांच्या यादीत ‘भारताबाहेरील राज्य’ असाही एक पर्याय दिसतो. उरलेली पृथ्वी एकाच राज्यात बसवण्याची ही किमया सरकारी यादीलाच साधावी. भारतात बँक खाते नसलेल्या अनिवासी व्यक्तीला रिफंडसाठी परदेशी खात्याचा तपशील देण्याची तरतूदही विवरणपत्रात आहे, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते.

खरी अडचण निवासी की अनिवासी या दर्जाच्या नोंदीची आहे. कायद्याच्या दृष्टीने अनिवासी असणे हा कायमचा शिक्का नव्हे. ते दरवर्षी दिवस मोजून नव्याने ठरते. आर्थिक वर्षात १८२ किंवा अधिक दिवस भारतात राहिलेली व्यक्ती निवासी ठरते, आणि भेटीसाठी येणाऱ्या ज्या भारतीयांचे भारतातील उत्पन्न १५ लाख रुपयांहून अधिक आहे, त्यांना २०२० च्या दुरुस्तीपासून १२० दिवसांची मर्यादाही लक्षात ठेवावी लागते. विवरणपत्र हा प्रश्न त्या त्या वर्षापुरता विचारते, हे योग्यच आहे. पॅनच्या नोंदीत मात्र दर्जा एकदा लिहिला गेला की कोणी बदलेपर्यंत तसाच राहतो, आणि बँकेच्या केवायसीत तो तिसऱ्यांदा वेगळा लिहिलेला असतो. एका ठिकाणी केलेला बदल दुसऱ्या ठिकाणी आपोआप पोहोचेल, असे गृहीत धरता येत नाही.

याचा परिणाम २०२३ मध्ये सर्वांनी पाहिला. पॅन-आधार जोडणीतून अनिवासी व्यक्तींना २०१७ च्या अधिसूचनेनेच सूट दिलेली होती. तरीही ३० जून २०२३ ची मुदत संपल्यावर अनेक अनिवासी भारतीयांचे पॅन ‘इनऑपरेटिव्ह’ म्हणजे निष्क्रिय दिसू लागले, कारण पॅनच्या नोंदीत ते निवासीच होते. जुलैमध्ये खात्याने स्पष्टीकरण दिले, की मागील तीन करनिर्धारण वर्षांपैकी एखाद्या वर्षी ज्यांनी अनिवासी म्हणून विवरणपत्र भरले किंवा आपल्या करनिर्धारण अधिकाऱ्याला दर्जा कळवला, त्यांची नोंद जुळवून घेतलेली आहे. इतरांनी पुरावा जोडून अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. असे पॅन रद्द ठरत नाही आणि विवरणपत्रही भरता येते, हे खरे; पण रिफंड अडकतो, त्या काळाचे व्याज मिळत नाही आणि टीडीएस, म्हणजे रक्कम देतानाच कापला जाणारा कर, चढ्या दराने कापला जातो. ज्यांचे उत्पन्न करपात्र मर्यादेखाली असल्यामुळे ते विवरणपत्र भरतच नव्हते, त्यांची यात अधिक कुचंबणा झाली.

पॅन ज्या अधिकारक्षेत्रात आहे, तेही तपासून घ्यावे. ‘नो युवर एओ’ या सेवेत पॅन टाकल्यावर आपला करनिर्धारण अधिकारी कोण, हे समजते. अनिवासी व्यक्तीचा पॅन आंतरराष्ट्रीय करआकारणीच्या वॉर्डकडे असायला हवा, आणि बदलीचा अर्ज सध्याच्या अधिकाऱ्याकडे करावा लागतो. म्हणजे प्रोफाइलमधला पत्ता बदलला की काम झाले, असे नाही. येथे एक विसंगती नमूद करण्याजोगी आहे. प्रत्यक्ष अधिकाऱ्यासमोर जाण्याची गरज संपवणाऱ्या फेसलेस करनिर्धारणातून २०२० च्या आदेशाने आंतरराष्ट्रीय करआकारणीची प्रकरणे वगळण्यात आली. जो करदाता हजारो किलोमीटर दूर आहे, त्यालाच ही सोय नाही!

बँकेच्या नोंदीचा त्रास मला स्वतःला झाला. मुदतठेव ज्या बँकेत आहे, तेथे कागदपत्रे देऊन खाते एनआरओ, म्हणजे अनिवासी व्यक्तीचे रुपया खाते, करून घेतले होते. तरीही कापलेल्या कराचा तपशील देणारा फॉर्म २६एएस उघडला, तेव्हा व्याजावरील कपातीसमोर १९४ए हे निवासी व्यक्तींना लागू होणारे कलम होते. अनिवासी व्यक्तीसाठी तेथे १९५ हवे. कपातही ३० टक्के अधिक उपकराऐवजी १० टक्केच झालेली. उरलेला कर विवरणपत्रासोबत भरता आला, पण कलम दुरुस्त करणे माझ्या हाती नव्हते. एआयएसमध्ये, म्हणजे पोर्टलवरील वार्षिक माहिती विवरणात, रकमेबद्दल प्रतिसाद नोंदवता येतो. कलम चुकले असेल, तर बँकेनेच आपले टीडीएस विवरण सुधारून भरावे लागते, आणि त्यासाठी शाखेचा पाठपुरावा परदेशातून करणे किती कठीण असते, हे सांगायला नको.

विवरणपत्र भरून झाल्यावर पडताळणी उरते. आधारला जोडलेला भारतीय क्रमांक बंद झाला असेल, तर आधार ओटीपीचा मार्ग खुंटतो. नेट बँकिंगमधून पोर्टलवर जाणे किंवा आधी पडताळून घेतलेल्या बँक खात्यावरून ईव्हीसी हा पडताळणीचा सांकेतिक क्रमांक मिळवणे, हे त्यातल्या त्यात भरवशाचे मार्ग आहेत. काहीच जमले नाही, तर सही केलेला आयटीआर-व्ही हा पडताळणीचा कागद बंगळुरूच्या केंद्रीय प्रक्रिया केंद्राकडे टपालाने पाठवता येतो. मात्र ऑगस्ट २०२२ पासून ही मुदत १२० दिवसांवरून ३० दिवसांवर आली आहे, आणि परदेशातून टपाल पाठवणाऱ्याला ती अपुरी पडू शकते. भारतातील विश्वासू नातेवाइकाला मुखत्यारपत्र देऊन पोर्टलवर प्रतिनिधी म्हणून नेमण्याची सोय मला यापेक्षा उपयुक्त वाटते. मुखत्यारपत्र तयार करण्यात वेळ जातो, म्हणून हे काम जुलैसाठी ठेवू नये. वर दिलेले कलमांचे क्रमांक १९६१ च्या कायद्यातील आहेत. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात ते वेगळे आहेत.

केवळ व्याज आणि भाडे एवढेच उत्पन्न असणाऱ्याला सीएशिवाय हे पोर्टल हाताळता येईल, असे मी निःसंकोच सांगेन. घर विकायचे असेल, तर मात्र जाणकाराची मदत घ्यावी. अनिवासी विक्रेत्याला देण्याच्या रकमेतून खरेदीदाराने कर कापायचा असतो. कमी कपातीचे प्रमाणपत्र नसेल, तर नफा किती झाला याचा विचार न करता पूर्ण किमतीवर कपात होण्याचा संभव असतो, आणि मग जादा कापलेली रक्कम पुढच्या विवरणपत्रापर्यंत सरकारकडे पडून राहते. ते प्रमाणपत्र ई-फायलिंग पोर्टलवर नव्हे, तर ट्रेसेस या वेगळ्या संकेतस्थळावर अर्ज करून मागावे लागते, आणि ते खरेदीदाराने पैसे देण्यापूर्वी हाती असावे लागते.